अचलपुरातलं कवेलूचं घर की परतवाड्याच्या ले-आऊटमधलं स्लॅबचं?

मेळघाटच्या पायथ्याला बदली झाली की दलाल साधारण दोन प्रकारची घरं दाखवतो. एक अचलपुरात, जुन्या वस्तीत. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, मधे आंगण, मागे सांदवाडी म्हणजे परस. दुसरं परतवाड्याला, शेत मोडून पाडलेल्या ले-आऊटमधे. स्लॅब, गुळगुळीत टाइल्स, समोर गाडी लावायला जागा, आजूबाजूला रिकामे प्लॉट. शिक्षक, बँकेतले, वनखात्यातले, दवाखान्यातल्या सिस्टर अशी कुटुंबं दरवर्षी इकडे येतात आणि बहुतेक जण दुसरं घर घेतात, कारण ते नवं दिसतं.

मी दोन्ही प्रकारच्या घरांत राहिले आहे. माझं म्हणणं एवढंच की घर नवं की जुनं हे बघून ठरवू नका, दुपारी दोन वाजता त्या घरात कोण असणार ते बघून ठरवा. नोकरीचं माणूस सकाळी डबा घेऊन निघतं ते दिवे लागल्यावर परततं. घर खरं वापरतात ती म्हातारी माणसं, लहान लेकरं आणि घर सांभाळणारी बाई. निवडीत पहिला शब्द त्यांचा असावा.

आधी गावाचा अंदाज देते. अचलपूर आणि परतवाडा ही जोडगावं, नगर परिषद एकच, मधलं अंतर तीन-चार किलोमीटर, ऑटो सारखे चालू असतात. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. त्यामुळे वस्ती दाट, गल्ल्या अरुंद, घराला घर लागलेलं. परतवाडा इंग्रजांच्या छावणीभोवती वाढलं. मोठा बाजार, लाकडाचे डेपो आणि एसटीचं आगार तिथे. चिखलदरा, सेमाडोह, धारणीकडे रोज जायचं असेल तर परतवाड्यातून गाडी धरणं सोयीचं. मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही छोटी रेल्वे आता धावत नाही, म्हणून रेल्वेसाठी दोन्हीकडच्यांना चांदूरबाजार, अमरावती किंवा बडनेरा गाठावं लागतं. तेवढ्यापुरता दोन घरांत काही फरक नाही.

खरा फरक मे महिन्यात कळतो. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, बाहेर झळा सुटलेल्या असतात. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत ऊन सावकाश आत घेते. बाहेरची धग आतल्या अंगाला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि वरची गरम हवा कवेलूंच्या फटींतून निघून जाते. म्हणून भर दुपारी अशा घराच्या माजघरात, सारवलेल्या भुईवर, नुसत्या पंख्यावर झोप लागते. तान्हं लेकरू घामेजत नाही. स्लॅबचं उलटं. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर तापत राहतं आणि सूर्य बुडाल्यावर ती सगळी धग खाली सोडतं. रात्री अकरा वाजताही पंखा गरम वाराच फेकतो. मग माणसं गच्चीवर अंथरुणं टाकतात. तरुणांना त्याचं काही वाटत नाही, पण गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनी रात्री जिना कसा चढायचा आणि पहाटे अंधारात कसा उतरायचा? जुन्या घरात आंगणात बाज टाकली की झालं, एक पायरीसुद्धा चढावी लागत नाही.

स्लॅबच्या घरात कूलर हवाच. आणि कूलरच्या बाबतीत बाजी ले-आऊटच्या घराची. कूलरला मागून मोकळी हवा लागते आणि आत आलेली हवा बाहेर पडायला समोर उघडी खिडकी लागते, नाहीतर तो खोलीत नुसता ओलावा भरतो. ले-आऊटच्या घराला चारी बाजूंनी थोडी जागा असते, त्यामुळे हे जमतं. अचलपूरच्या गल्लीत भिंती सामाईक, माजघराला बहुधा खिडकीच नसते. कूलर लावायचा तर समोरच्या सपरीत, आणि त्याची हवा मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही. घर कोणतंही असो, कूलरचा प्लग लावण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात येते. जुन्या घरांतली वायरिंग तर पुष्कळदा आजोबांच्या काळातली असते.

एका घरापासून मात्र लांबच राहा. कवेलू काढून वर टिन टाकलेलं जुनं घर. दलाल सांगतो, "पावसाची कटकटच मिटली भाऊ!" ती मिटते हे खरं. पण भिंतींनी राखलेला गारवा वरचं टिन दुपारी बारापर्यंत संपवून टाकतं, आणि पावसाळ्यात टिनाखाली शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. अशा घरात जुन्याचा त्रास उरतो आणि जुन्याचं सुख जातं.

पावसाळ्यात पारडं फिरतं. कवेलू दरवर्षी फेरावे, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवावे लागतात, तेही मृग लागायच्या आत. सातपुडा जवळ, त्यामुळे वांदरांचे कळप वस्तीत येतात, आणि एका कळपानं छपरावरून उड्या मारल्या की वीस ठिकाणी ठिबकायला लागतं. कवेलू फेरणारे हात कमी होत चाललेत, तरुण पोरं त्या कामाला येत नाहीत, हातानं केलेले जुन्या मापाचे कवेलू मिळणंही अवघड झालंय. छपरात विंचू असतात, भिंतीच्या बुडाला ओल चढते, उधई म्हणजे वाळवी लागते. जुन्या घरांच्या तुळया पुष्कळदा मेळघाटच्या सागाच्या असतात आणि साग सहसा दगा देत नाही. तरी तुळईचं टोक भिंतीत जिथे घुसतं तिथे ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ते घर सोडून द्या, भाडं कितीही कमी असलं तरी.

ले-आऊटच्या घरालाही पाऊस काही सोडत नाही. काळ्या मातीचं शेत असलेल्या जागेवर घर बांधलं असेल तर ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरचं घर तिच्यासोबत हलतं. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. नुकताच रंग दिलेल्या भिंती बघून हुरळू नका. कपाटामागे, जिन्याखाली, कंपाउंडच्या भिंतीवर बघा, तिथे रंगारी हात फिरवत नाही. ले-आऊटचे आतले रस्ते अजून मातीचेच असतील तर श्रावणात दुचाकी काढणं आणि लेकरांना शाळेच्या गाडीपर्यंत पोचवणं हे रोजचं कष्टाचं काम होऊन बसतं.

आणखी एक गोष्ट तोलताना लोक बोलत नाहीत ती मी बोलते. संडास. जुन्या घरात तो सांदवाडीच्या टोकाला असतो. पावसात, रात्री, हातात बॅटरी घेऊन सत्तरीच्या माणसानं तिथवर जायचं, उंच उंबरठे ओलांडत, हे मला पटत नाही. ले-आऊटच्या घरात तो खोलीला लागून असतो, बसायला कमोड असतो. ज्यांच्याकडे आजारी माणूस आहे त्यांच्यासाठी एवढी एक गोष्ट बाकीच्या सगळ्यावर भारी पडते. जुनं घर घ्यायचंच असेल तर सपरीच्या कडेला एक संडास-न्हाणी बांधून द्यायची अट घरमालकाला घाला. पुष्कळ मालक तयार होतात, कारण जुन्या घरांना भाडेकरू मिळणं आता सोपं राहिलेलं नाही.

पाण्याचं बघू. अचलपूरच्या जुन्या घरांत नगर परिषदेचा नळ आहेच, काही घरांत किंवा गल्लीत विहीरही असते. नळ कधी येतो, किती वेळ येतो, हे मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. परतवाड्याकडच्या नव्या वस्तीचा भार बोअरवर. हा सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा, इथे पाणी खोल असतं आणि गोट्यांतून बोअर मारणंही जिकिरीचं. संत्र्याच्या बागा त्याच भूजलावर जगतात. त्यामुळे बोअर किती फुटांवर आहे यापेक्षा एप्रिलनंतर तो किती वेळ चालतो, हा प्रश्न कामाचा. आजूबाजूच्या तीन-चार घरी विचारलं की खरं उत्तर मिळतं.

नव्या वस्तीबाबत आणखी एक खुलासा आधीच करून घ्या. परतवाडा म्हणून दाखवलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात कांडली किंवा देवमाळी ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतात. रस्ता तोच, दुकानं तीच, पण कर, नळ, कचरागाडी, दिवाबत्ती सगळं वेगळ्या कचेरीकडे. यात वाईट काहीच नाही. फक्त तुमचं घर कोणाच्या हद्दीत येतं, हे राहायला गेल्यावर कळू नये.

भाड्यानं राहणाऱ्यांनी कागदांचा हा भाग सोडून दिला तरी चालेल, विकत घेणाऱ्यांनी मात्र सावकाश वाचावा. अचलपूरच्या जुन्या घराचा मूळ कागद म्हणजे आखीव पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड. तिच्यावर आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव असतं, आणि खाली वारस अमरावतीपासून पुण्यापर्यंत पसरलेले. एका बहिणीची सही राहिली तरी व्यवहार पुढे कोर्टात अडकू शकतो. जागा नझूलची, म्हणजे पट्ट्यानं दिलेली सरकारी असेल तर पट्ट्याची मुदत कधी संपते आणि नूतनीकरण झालंय का, हे भूमी अभिलेख कार्यालयात आणि तहसिलीत बघा. सामाईक भिंत कोणाची, पन्हाळीचं पाणी कोणाच्या आंगणात पडतं, हेही लिहून घ्या. गल्लीतली जुनी भांडणं घरासोबत येतात. शिवाय मातीच्या बांधकामाला बँक फारशी किंमत देत नाही, त्यामुळे कर्ज कमी मिळतं आणि पदरचे पैसे जास्त लागतात.

ले-आऊटमधे वारसांचा घोळ कमी, पण दुसरी मेख असते. प्लॉटचा एन.ए. म्हणजे बिगरशेती आदेश आहे का, मंजूर नकाशात तुमचा प्लॉट त्याच नंबरानं आणि त्याच मापानं आहे का, नकाशातली खुली जागा आज खुली आहे की तिच्यावरही घर उभं आहे? शेताचे तुकडे करून स्टॅम्पपेपरवर विकलेला प्लॉट असेल तर तो गुंठेवारीत बसतो का ते तपासावं लागतं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं नियमित करायची वाट त्यातून उघडली. त्यानंतरचा तुकडा असेल तर आजचा नियम वकिलाला विचारल्याशिवाय हात घालू नका. चांगल्या वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा शोध काढून घ्या, त्याची फी वाचवण्यात शहाणपण नाही. घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. ती सूट नसती तरी मी हेच सुचवलं असतं, जी दिवसभर घरात राबते तिच्या नावावर घर असावं.

शेजाराचं काय? अचलपूरच्या गल्लीत सामान उतरायच्या आधीच चहा येतो आणि त्यासोबत प्रश्न, "कोन्या गावचे तुमी? पोट्टे कितवीत आहेत?" पहिले काही आठवडे हे अंगावर येतं. पण घरातला माणूस ड्युटीवर सेमाडोहला आणि म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, तर पाच मिनिटांत चार जण दारात उभे असतात. भुलाबाईच्या महिन्यात पोरींना रोज वेगळ्या घरी गाणी म्हणायला जाता येतं, खिरापत ओळखायचा खेळ रंगतो. ले-आऊटमधली माणसंही मायाळू आहेत, पण ती तुमच्यासारखीच बाहेरून आलेली, दिवसा दारं बंद आणि मधे रिकामे प्लॉट. दुपारभर एकटी राहणारी बाई तिथे फार एकटी पडते. दोघंही नोकरीला जाणारी, लेकरं शाळेत, तर हाच निवांतपणा हवाहवासा वाटतो, आणि गाडी लावायची कटकटही नाही.

तर माझा कौल असा. घरी चालती-फिरती वडीलधारी माणसं आणि शाळेत न जाणारं लेकरू असेल, बदली दोन-तीन वर्षांची असेल, तर अचलपुरातलं कवेलूचं घर भाड्यानं घ्या, जवळच्या संडासाची अट घालून. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल किंवा नवरा-बायको दोघंही नोकरीला असतील तर ले-आऊट, शक्यतो तळमजला, पश्चिमेला कडुनिंब किंवा दुसऱ्या घराची सावली असलेलं. स्लॅबवर उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारा. खर्च थोडा येतो, पण रात्रीचा उकाडा बराच उतरतो. विकत घ्यायचं असेल तर एक मे आणि एक श्रावण भाड्यानं काढल्याशिवाय इसार देऊ नका. माझ्या मते विकत घेण्याजोगं घर ले-आऊटमधलंच, कारण मातीचं जुनं घर राखायला पिढ्यांची ओळख आणि घरचे हात लागतात, ते बदलीवर आलेल्या कुटुंबाकडे नसतात.

जुनं घर भाड्यानं ठरलंच तर कवेलू कोण फेरणार आणि पैसे कोण देणार हे करारात लिहून घ्या, आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास कवेलू फेरणाऱ्याला इसार देऊन ठेवा. रोहिणी लागल्यावर तो कोणालाच सापडत नाही.