बालसभा: पहिली ते सातवी एका सतरंजीवर, एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतर

पट साठच्या वर, शिक्षक तीन, खोल्या चार आणि इयत्ता पहिली ते सातवी. महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवर अशा पुष्कळ शाळा आहेत. अशाच एका शाळेत जूनपासून वार्षिक परीक्षेपर्यंत दर शनिवारी बालसभा, म्हणजे शाळेतले काही निर्णय मुलांनीच मतदानाने घ्यायची सभा, चालवल्यानंतरचा हा अनुभव. सहा वर्षांचं पोर आणि तेरा वर्षांचा मुलगा एकाच सभेत, दोघांनाही एकेकच मत. पद्धत चालते, आणि चांगली चालते. फक्त तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: मुलांच्या हातात काहीतरी खरं असावं, धाकट्यांचं मत मोठ्यांच्या सावलीत जाऊ नये, आणि झालेला ठराव अमलात आला की नाही हे दर आठवड्याला विचारलं जावं. यातली एक जरी सुटली, तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर सभेला कुणी तोंड उघडत नाही.

आधी शालेय मंत्रिमंडळाबद्दल, कारण बहुतेक शाळांत तेच असतं. जुलैमध्ये निवडणूक होते, मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री ठरतात, बिल्ले लागतात. निवडणुकीचा दिवस मुलांना आवडतो आणि मतदान कसं होतं तेही कळतं. पण पुढे मंत्र्यांनी करायचं काय, याचं उत्तर बहुधा घंटा देणं आणि रांगा लावणं एवढंच राहतं. निवडून येतात ती सहावी-सातवीची मुलं. पहिली ते चौथीला बोलायची जागाच नसते. मंत्रिमंडळ ठेवायला हरकत नाही, पण त्याने बालसभेच्या ठरावांची अंमलबजावणी करावी. ठरवणारी सभा, करणारं मंत्रिमंडळ, असं ठेवलं की दोन्ही जिवंत राहतात.

ही कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमधल्या समरहिल शाळेत १९२१ पासून मुलं आणि शिक्षक समान मताने शाळेचे नियम ठरवत आले आहेत. सरकारी तपासणीनंतर शाळेवर बंद पडायची वेळ आली आणि प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं, तेव्हा २००० साली तडजोडीचा मसुदा मान्य करायचा की नाही हे मुलांनी लंडनच्या न्यायालयातच सभा भरवून ठरवलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमची सडबरी व्हॅली शाळा १९६८ ची. तिथे शिक्षकांची नेमणूकसुद्धा दरवर्षी मुलांच्या आणि शिक्षकांच्या मतदानाने होते. कोलंबियातल्या एस्कुएला नुएवा या बहुवर्ग ग्रामीण शाळांनी १९७० च्या दशकापासून विद्यार्थ्यांचं शासन हा रोजच्या शिक्षणाचाच भाग केला, आणि आपल्या परिस्थितीला सगळ्यांत जवळची तीच. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली; तिथेही वेगवेगळ्या वयाची मुलं एकमेकांजवळ वाढत. सडबरीप्रमाणे ठरलेला अभ्यासक्रमच सोडून देणं सरकारी शाळेत शक्य नाही आणि गरजेचंही नाही. सभा मात्र जशीच्या तशी घेता येते.

साहित्य थोडं लागतं. दोनशे पानी रजिस्टर एक, दारापाशी सुतळीने बांधलेली विषयवही आणि पेन्सिल, दोन डबे, पावशेर चिंचोके आणि सगळ्यांना दिसेल असं भिंतीवरचं घड्याळ. वेळ शनिवारची सकाळ. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार हा शासनाचा उपक्रम आल्यामुळे त्या दिवशी जागा काढणं सोपं झालंय. सभा ४० मिनिटांच्या वर नेऊ नये. पहिली-दुसरीची मुलं पंधरा-वीस मिनिटांनी चुळबुळायला लागतात, म्हणून त्यांनी मांडलेले विषय आधी घ्यायचे. त्यानंतर त्यांना उठून चित्रं काढायला जायची मुभा द्यायची. बसायचं असेल तर बसू द्यायचं. बळजबरीने बसवलेलं पोर शेजारच्याला चिमटे काढतं आणि सगळी सभा बिघडवतं.

विषयवहीत कुणीही विषय लिहावा. लिहिता येत नसेल तर चित्र काढावं किंवा त्या आठवड्याच्या लेखनिकाला सांगावं, त्याने बोलल्याप्रमाणेच लिहायचं. शुक्रवारी शाळा सुटताना वही बंद. एका सभेला चार विषय, उरलेले पुढच्या शनिवारी. मांडणाऱ्याने दोन मिनिटं बोलायचं, मग बाजूने दोघं, विरोधात दोघं, एखादी दुरुस्ती आणि मतदान. अध्यक्ष तिसरी ते सातवीतून चिठ्ठी टाकून निवडावा आणि चार आठवडे ठेवावा. दर आठवड्याला बदलला तर कुणीच शिकत नाही. वर्षभर एकच ठेवला तर पुन्हा मंत्रिमंडळ होतं. नव्या अध्यक्षाच्या पहिल्या सभेला जुन्याने शेजारी बसायचं.

मतदानाकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. हात वर करून मत घेतलं की पहिलीचं पोर आधी मोठ्या भावाकडे किंवा बहिणीकडे बघतं आणि मग हात उचलतं. डोळे मिटून हात वर करायला लावलं तर निम्मी मुलं फटीतून बघतात. चिंचोक्यांनी हा प्रश्न सुटतो. एका डब्यावर सूर्याचं चित्र म्हणजे 'हो', दुसऱ्यावर चंद्राचं म्हणजे 'नाही'. प्रत्येकाला एकच चिंचोका, तो मुठीत धरून खोलीच्या कोपऱ्यात कापडाच्या आडोशामागे जायचं आणि टाकून यायचं. यातही एक गोम आहे: पत्र्याच्या डब्यात चिंचोका पडला की टण् असा आवाज येतो, आणि डावीकडून आला की उजवीकडून हे बाहेर बसलेल्यांना बरोबर कळतं. 'ए, तू चंद्रात टाकलास ना?' हे त्या आवाजातूनच येतं. दोन्ही डब्यांच्या तळाशी जाड फडकं घालावं आणि मुठी दोन्ही डब्यांत घालून यायचा नियम करावा. मोजणी सगळ्यांसमोर, दहादहाचे गठ्ठे करून. दुसरीच्या मुलांना ते काम द्यावं. दशक-एकक इतक्या मन लावून दुसरीकडे कुठे होत नाही.

सगळ्याच विषयांवर मत घेऊ नये. छोटे, परत फिरवता येणारे निर्णय हात वर करून झाले तरी चालतात. चिंचोके नियम, पैसा आणि माणसांच्या निवडीसाठी राखून ठेवावेत, नाहीतर मतदानातच सभा संपते.

ठराववहीत पाच रकाने: तारीख, ठराव, कोणी करायचं, कधीपर्यंत, झालं का. पाचवा रकाना पुढच्या सभेच्या सुरुवातीला मोठ्याने वाचायचा. 'नाही झालं' आलं तर कारण विचारायचं, रागवायचं नाही. पाच ठराव उघडे राहिले असतील तर नवा ठराव नाही, हा नियम आमच्याकडे सगळ्यांत उपयोगी ठरला. मुलं भराभर ठराव करतात. झाडं लावू, भिंत रंगवू, सहलीला जाऊ. अंमलबजावणी नसली की त्यांना कळतं की इथे बोलण्याला किंमत नाही, आणि ती समज परत पुसली जात नाही.

मग मुलांच्या हातात द्यायचं काय? सुरुवातीलाच भिंतीवर यादी लावावी. मुलं ठरवतील: मैदान कोणत्या गटाला कधी, वाचनकोपऱ्यातली पुस्तकं घरी न्यायचे नियम, साफसफाईच्या पाळ्या, बागेत काय लावायचं, आनंददायी शनिवारचे खेळ. मुलं आणि शिक्षक मिळून: जेवणाची वाढणी, संमेलन, संयुक्त शाळा अनुदानातून (शाळेला दरवर्षी खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी पैशातून) काही वस्तूंची निवड. या अनुदानातला किमान १० टक्के खर्च स्वच्छतेवर करायचा असतो. झाडू, बादल्या, साबण कोणते आणि किती, हे मुलांना ठरवू द्यावं. खर्चाची मंजुरी आणि सह्या शाळा व्यवस्थापन समितीकडेच राहतात, हे आधी सांगून टाकावं. मुलांच्या कक्षेबाहेर: सुरक्षितता, अभ्यासक्रम, परीक्षा आणि कुणाच्याही घरची गोष्ट. जे द्यायचं नाही ते आधीच स्पष्ट सांगितलेलं मुलांना चालतं. आधी विचारून नंतर डावललेलं मात्र त्यांना चालत नाही.

वाढणीचा विषय येतोच, आणि तो सभेसाठी फार चांगला आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीसाठी माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम; डाळ अनुक्रमे २० आणि ३० ग्रॅम, भाजी ५० आणि ७५ ग्रॅम. पण वाढताना ओगराळं एकच. त्यामुळे सातवीचा मुलगा उपाशी राहतो आणि पहिलीच्या ताटात उरतं. 'मोठ्यांना जास्त का?' ही धाकट्यांची तक्रार आणि 'आम्हाला पुरत नाही' ही मोठ्यांची तक्रार एकाच सभेत येते. अशा वेळी भाषण न देता वजनकाटा आणावा. ओगराळ्यातली खिचडी मुलांना तोलू द्यावी, शिजल्यावर तांदळाचं वजन अडीच-तीन पट होतं हे बघू द्यावं आणि किती ओगराळी कोणाला हे त्यांनाच काढू द्यावं. पाचवी-सहावीला हे गुणोत्तराचं गणित आहे. शेवटी ठराव साधा होतो: पहिली-दुसरीला आधी अर्धं वाढायचं आणि मागितलं की परत द्यायचं, आणि धाकटे आधी. अन्न वाया जाणं डोळ्यांनी दिसेल इतकं कमी होतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना त्या सभेला बोलवायलाच हवं. त्यांना वगळून केलेला ठराव त्यांच्यावर अन्याय असतो आणि टिकतही नाही.

तंटे सभेत आणू नयेत. सगळ्या शाळेसमोर एका मुलाला उभं करणं ही शिक्षाच आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. त्यासाठी पाच जणांची वेगळी समिती करावी: वेगवेगळ्या इयत्तांतली चार मुलं चिठ्ठीने आणि एक शिक्षक, महिनाभरासाठी. दोन्ही बाजू ऐकायच्या, साक्षीदार असेल तर तोही, मग 'काय भरून काढता येईल' एवढाच प्रश्न. मुलं शिक्षा सुचवताना मोठ्यांपेक्षा कठोर असतात. महिनाभर खेळायचं नाही, अंगठे धरून उभं राहायचं, असलं लगेच निघतं. म्हणून उपायांची यादी आधीच ठरवून द्यावी: वस्तू परत करणं, फाटलेलं चिकटवून देणं, एका सुट्टीपुरता खेळातून बाजूला, दोघांनी मिळून एखादं काम. त्याबाहेर काही नाही.

इथे एक गोष्ट अगदी पक्की ठेवायची. नकोसा स्पर्श, घरातली मारहाण, धमकी असं काहीही मुलाने सांगितलं किंवा चिठ्ठीत लिहिलं, तर ते समितीकडे जात नाही, थेट मोठ्यांकडे जातं. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक विषयवहीच्या पहिल्या पानावर आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात असावा. तक्रारपेटी वेगळी ठेवावी आणि तिची किल्ली मुलांकडे देऊ नये.

अभ्यासाचं बोलायचं तर मिश्र वयाचे गट बालसभेइतके सहज जमत नाहीत. मोठ्याने धाकट्याला शिकवायचं, एवढं सांगून सोडून दिलं की मोठा मुलगा मास्तरकी करतो, ओरडतो किंवा धाकट्याची वही स्वतःच लिहून टाकतो. भागाकार, हातच्याची वजाबाकी यांत तर तो फक्त रीत सांगतो, आणि ती चुकीची पक्की बसली की सोडवायला दुप्पट वेळ जातो. गणिताची नवी संकल्पना गटावर सोपवू नये. वाचन, मोजमाप, बागेतल्या नोंदी, दुकान-दुकान हे छान होतं. वयातलं अंतर दोन-तीन इयत्तांचं बरं. सातवी आणि पहिली अशी जोडी लावली की एक जण कंटाळतो आणि दुसरा घाबरतो. रोज २५ मिनिटं पुरेत. मोठ्यांचा स्वतःचा अभ्यास बुडतो ही पालकांची तक्रार त्यापुढे खरी ठरते.

या गटांचा सगळ्यांत मोठा फायदा मात्र ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं त्याला होतो: पाचवी-सहावीतलं, अजून अडखळत वाचणारं मूल. त्याला दुसरीचं पुस्तक एकट्याला दिलं तर तो अपमान वाटतो. तेच पुस्तक 'पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायचंय, आधी घरी तयारी कर' म्हणून दिलं की तो तीनतीनदा वाचून येतो. धाकटी चूक काढत नाहीत, पुन्हा वाच म्हणतात. केवळ यासाठीसुद्धा मिश्र गट ठेवावेत असं आमचं ठाम मत आहे.

गावाशी नातं जोडायचं तर बालसभेचे दोन प्रतिनिधी, त्यात एक मुलगी, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला ठराववही घेऊन बसवावेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. आया मुलांचे विषय पटकन उचलतात. मुलांचा विषय पहिला घ्यावा. शेवटी ठेवला की मुलं पेंगतात आणि मंडळी उठायच्या घाईत असतात. 'लहान तोंडी मोठा घास' असं कुणी म्हणालं, तर मुख्याध्यापकांनी वाद न घालता ठराववहीचं पान पुढे करावं. नळाची तोटी, कुंपण, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी अशा गोष्टी मुलांनी तारखेनिशी लिहिलेल्या असतात. त्यांना नाही म्हणणं अवघड जातं.

कुणासाठी नाही? पट शंभर-सव्वाशेच्या पुढे गेला की एका सभेत सगळे मावत नाहीत. तिथे प्रत्येक गटातून प्रतिनिधी न निवडता दोन समांतर सभा कराव्यात, दोन्हींत सगळ्या इयत्ता, आणि महिन्यातून एकदा एकत्र. प्रतिनिधी आले की धाकटी पुन्हा गप्प होतात. शिक्षकांपैकी एकाचाही विरोध असेल तर आधी सहा आठवडे फक्त मैदान आणि वाचनकोपरा हे दोनच विषय ठेवावेत. आणि बदल्यांच्या मोसमाआधी ठराववही, नियमांची यादी आणि अध्यक्षांचा क्रम कार्यभाराच्या यादीत नोंदवून ठेवावा. नव्या बाईंना किंवा सरांना सभा कशी चालते हे मुलांनीच पहिल्या शनिवारी दाखवावं. जूनमध्ये सहावी-सातवीत गेलेली मुलं ते व्यवस्थित करतील.