पियानोचं ट्यूनिंग: कानाने शिकावं की ॲपवर?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारा एक पोरगा परवा विचारत होता, "काका, पियानो ट्यूनिंग शिकायचंय. ॲप घेऊ, की कुणाच्या हाताखाली बसू?" कान तयार आहे म्हणजे निम्मं काम झालं, असं त्याला वाटतं. मेख तिथंच आहे.

खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार त्याच्या कानात मुरलाय. पियानोचा गंधार त्याहून सुमारे 14 सेंट चढा, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याइतका. मधल्या 'सी'खालचे एफ आणि ए एकत्र दाबले की सूर सेकंदाला जवळपास 7 वेळा डोलतो, आणि तो डोलायलाच हवा. आमचा पोरगा तेच डोलणं काढून टाकायला जाणार! कानाने शिकायचं म्हणजे हे डोल मोजायचे. वर सरकताना ते एकसारखे वाढत गेले की सप्तक बसलं. त्याला जाणता माणूस शेजारी लागतो, आणि वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

ॲपवर आठवड्यात जमल्यासारखं वाटतं. ते खरं कामाला येतं उतरलेल्या वाद्यावर. सव्वादोनशेच्या आसपास तारा, एकूण ताण 15 ते 20 टन. पुढच्या तारा चढवल्या की आधीच्या उतरतात. किती जास्त ओढून ठेवायचं, हा हिशेब ॲप चोख करतं. माझा अंदाज अजूनही फसतो. खुंटी सोडल्यावर तार सरकू नये, हा मात्र हाताचा गुण. तो ॲपकडून येत नाही.

जुने कारागीर ॲपवाल्याला कारागीरच मानत नाहीत. सैल खुंटीत पातळ सुपरग्लू सोडण्यालाही ते नाक मुरडायचे. मीही मुरडायचो. पाचगणीच्या एका शाळेत नाइलाजाने सोडला, दोन पावसाळे खुंट्या जागच्या हलल्या नाहीत. अमेरिकेतली पियानो टेक्निशियन्स गिल्ड लेखी, ट्यूनिंग आणि दुरुस्ती अशा तीन परीक्षा घेते, आणि त्या पास झालेलेही अधिवेशनातल्या वर्गांना जाऊन बसतात. आपल्याकडे मात्र 'मला कोण शिकवणार?'

पोराला म्हटलं, सहा महिने मोबाइल खिशात ठेव आणि नुसते डोल मोज. मग ॲप घे, खुशाल घे. आणि पाचगणीचं पहिलं काम जूनमध्ये धरू नकोस. पावसात लाकूड फुगतं, सूर चढतो. ऑक्टोबर सरू दे.