बाळ आज वेगळं वागतंय: वाट पाहायची की फोन करायचा?

बाळाचं दुखणं आधी त्याच्या वागण्यात उतरतं. नेमकं तिथेच आईबाप अडकतात, कारण साधी किरकिर आणि खरं आजारपण सुरुवातीला सारखंच दिसतं. अशा वेळी मी आधी एक गोष्ट बघायला सांगते: मधल्या वेळात बाळ नेहमीसारखं होतं का? रडून झाल्यावर, झोप झाल्यावर, दूध प्यायल्यावर थोडा वेळ तरी त्याची ओळखीची नजर परत येत असेल, तर बहुतेक वेळा थांबून पाहायला हरकत नसते. ती परत येत नसेल, तर थांबू नका.

तीन महिन्यांच्या आत

इतक्या लहान बाळाला ताप असेल तर ही कसोटी बाजूला ठेवा. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा जास्त भरला की बाळ कितीही चांगलं दिसत असलं तरी लगेच डॉक्टरांकडे न्या, मध्यरात्र असली तरी. या वयात गंभीर जंतुसंसर्गाची बाहेरून दिसणारी खूण कधी कधी तेवढीच असते. अंग गार पडून ३६ च्या खाली जाणं आणि उबेला घेऊनही न चढणं हेही तितकंच काळजीचं. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरतो का ते पाहत बसू नका. या वयात ते विचारल्याशिवाय द्यायचंच नसतं.

तीन ते सहा महिन्यांत ताप ३९ वर गेला तर डॉक्टरांना फोन कराच. त्यापुढे मात्र आकड्यापेक्षा वागणं जास्त सांगतं. ३८.५ ताप असूनही खेळणाऱ्या बाळापेक्षा ३८ तापात मलूल पडलेल्या बाळाची मला जास्त चिंता वाटते.

झोपाळू की सुस्त

नवजात बाळ दिवसात सोळा-सतरा तास झोपतं, म्हणून 'खूप झोपतंय' एवढ्याने काहीच ठरत नाही. त्याला उठवून पाहा. कपडे सैल करा, तळपाय चोळा, लंगोट बदला. झोपाळू बाळ कुरकुरतं, हातपाय आखडतं, डोळे उघडून तुमच्याकडे पाहतं आणि दूध नीट ओढतं. सुस्त बाळ डोळे उघडतं, पण नजर कुठेच ठरत नाही. रडणं क्षीण असतं, उचललेला हात सोडला की लुळा खाली पडतो, दोन घोट ओढून तोंड सुटतं.

झोप अपुरी झाली असेल, पाहुण्यांच्या गर्दीने बाळ दमलं असेल, तर एखादी लांब झोप स्वाभाविक आहे. पण लागोपाठ दोन वेळा दूध नाकारलं तर फोन करा. बाळ उठतच नसेल तर फोनवर चर्चा करत थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

रडणं

साधारण दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास टोकाला पोहोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. दिवसाला तीन तास, आठवड्यात तीन दिवस, तीन आठवडे, हे कोलिकचं, म्हणजे निरोगी बाळाच्या कारण न सापडणाऱ्या लांबलचक रडण्याचं, गणित अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये मांडलं. असं बाळ बहुधा संध्याकाळी रडतं, पण दूध पितं आणि त्याचं वजन वाढतं.

कधी न ऐकलेलं तीक्ष्ण किंचाळणं, किंवा उचलून घेतल्यावर आणखी वाढणारं रडणं, हे वेगळं. तेव्हा बाळाचे सगळे कपडे काढून पाहा. कधी पायाच्या बोटाला केस घट्ट गुंडाळलेला असतो, कधी जांघेत टणक फुगवटा असतो. दोन्हींत उशीर परवडत नाही.

'मधल्या वेळात नेहमीसारखं होतं का' ही सुरुवातीची कसोटी इथे फसू शकते. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकतो, तेव्हा बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, फिकट पडतं, मग शांत होतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मधल्या वेळात ते सुरुवातीला बरंच ठीक दिसतं. शीमध्ये लालसर जेलीसारखं रक्त उशिरा येतं, त्याची वाट पाहू नका.

दचकणं की झटके

हात थरथरतोय? तो हलकेच धरा. साधी थरथर धरल्यावर थांबते, झटका थांबत नाही. आवाजाने हात फाकून दचकणंही नेहमीचंच, आणि ते चार-सहा महिन्यांत जातं.

साधारण तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत एका प्रकाराकडे खास लक्ष हवं. झोपेतून उठताना मान झुकते, हात वर फेकले जातात, क्षण-दोन क्षणांत संपतं, पुन्हा होतं, अशी मालिकाच लागते. दोन झटक्यांच्या मध्ये बाळ ठीक दिसेल, म्हणून 'पोटात दुखत असेल' म्हणून सोडून दिलं जातं. मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हसणारं बाळ हसेनासं झालं असेल तर हे आणखी तातडीचं.

बाकीचं थोडक्यात

ढेकरेसोबत दूध ओघळणं चालतं. हिरवी उलटी मात्र थेट रुग्णालयाचं काम. प्रत्येक वेळी दूरवर फेकली जाणारी उलटी असेल तर त्याच दिवशी फोन करा. हात-पाय निळसर दिसणं नवजात बाळात चालतं, ओठ किंवा जीभ निळी दिसणं नाही. सावळ्या बाळात रंग जिभेवर आणि हिरड्यांवर पाहा. पहिला आठवडा सरल्यावर दिवसात सहाच्या आसपास ओले लंगोट असावेत. आठ तास शू झाली नाही, टाळू खोल गेली, तर फोन करा.

बाळ शांत असताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त आणि त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त म्हणजे वेगवान. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ दर श्वासाला कण्हत असेल, तर मोजत बसू नका, निघा.

फोनवर आधी वय आठवड्यांत सांगा. मग नेहमीपेक्षा काय बदललं आणि कधीपासून, शेवटचं दूध, शेवटची शू, ताप किती आणि काखेत मोजला की आणखी कुठे, कोणतं औषध दिलं. यातलं काहीच जुळत नसेल आणि तरीही 'हे आमचं नेहमीचं बाळ नाही' असं वाटत असेल, तर तेच वाक्य तसंच बोला. तेवढ्यासाठी फोन केलेला चालतो. थांबायला सांगितलं तर किती वेळ आणि काय दिसल्यास परत फोन करायचा, हे विचारूनच फोन ठेवा.