सोनी आयसीडी-पीएक्स४७० : शाळेतल्या एथ्नोग्राफीला पुरेल?

बीडकडच्या हंगामी वसतिगृहात, म्हणजे पालक ऊसतोडीला गेले की मुलं राहतात तिथं, एथ्नोग्राफीचं क्षेत्रकाम (लोकांत राहून त्यांचं जगणं-बोलणं टिपणं) करायचं तर हा रेकॉर्डर पुरतो. दोन बारीक पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे लाईट गेली तरी किराणा दुकान आहेच. मेमरी ४ जीबी, शिवाय मायक्रो-एसडी. १९२ केबीपीएस एमपी३ तासाला साधारण ८६ एमबी खातं, एलपीसीएम (न दाबलेला, मूळ आवाज) सहाशेच्या पुढं. मुलाखतीला एमपी३च ठेवा.

गोची पत्र्याच्या वर्गात होते. बाकावर ठेवला की बाकाचे ठोके आधी, पोरांचं बोलणं नंतर. खाली रुमालाची घडी घाला, मुलाखतीत बोलणाऱ्यापासून हातभर अंतर ठेवा, पंखा जमलं तर बंद. गटचर्चेत कोण बोललं हे नंतर कळत नाही, म्हणून बसण्याचा नकाशा वहीत काढा. सविस्तर टिपण त्याच रात्री. पालक ऊसतोडीला जाण्याआधीच संमती घ्या.