ओआरएसचं एक लिटरचं पाकीट: पूड चोख, घोटाळा मापाचा

मिरग लागला की विहिरींचं पाणी गढूळतं आणि वाडीवाडीत पोरांचे जुलाब सुरू होतात. लहान मूल असलेल्या घरात त्यासाठी एकच वस्तू ठेवायची झाली, तर ती हीच: आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात फुकट मिळणारं, एक लिटर पाण्यात विरघळवायचं ओआरएसचं पाकीट. पूड म्हणून त्यात खोट काढायला जागा नाही. गुण कापायचे ते छपाईचे. अक्षर बारीक, मजकूर बरेचदा इंग्रजीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं 'एक लिटर' कुठल्यातरी कोपऱ्यात.

आत चारच घटक आहेत. मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ पासून पुरस्कारलेलं हे सूत्र. आधीच्या सूत्रात मीठ ३.५ आणि ग्लुकोज २० ग्रॅम होतं. ते कमी केल्यावर उलट्या आणि जुलाबाचं प्रमाण घटलं, सलाइन लावायची वेळही कमी आली. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद होत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पाजून कॉलऱ्याचे मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणले, ते याच वाटेच्या भरवशावर.

आता माप. फुलपात्र, तांब्या, स्टीलचा पेला यांतलं कुठलंच माप दोन घरांत सारखं नसतं. एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली धुऊन ठेवा आणि तीच मापाला वापरा. उकळून गार केलेलं पाणी आधी बाटलीनं मोजून स्वच्छ पातेल्यात घ्या, मग अख्खं पाकीट घालून ढवळा. पूड घातल्यावर उकळायचं नाही. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला, हा हिशेबही नको. पाकिटात मीठ आणि ग्लुकोज सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही, आणि उरलेली पूड आपल्या दमट हवेत तासाभरात चिकटते. मेडिकलमध्ये मिळणारं छोटं पाकीट २०० मिलीचं असतं. सूत्र तेच, पण ते लिटरभर पाण्यात घातलं तर क्षार फारच कमी पडतात. उलटी चूक जास्त धोक्याची: मोठं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर रक्तातलं सोडियम चढतं, जुलाब वाढतात, मुलाला झटकेही येऊ शकतात. प्रवासाला छोटं पाकीट सोयीचं, घरी मात्र मोठंच बरं.

किनाऱ्यावरच्या गावांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती पाकिटावर छापलेली नसते. एप्रिल-मेमध्ये खाडीजवळच्या विहिरी मचूळ होतात. त्या पाण्यात आधीच मीठ असतं, त्यामुळे मोजून केलेलं ओआरएसही खारट होतं, आणि उकळून मीठ जात नाही. त्या दिवसांत गोड्या पाण्याचीच कळशी वापरा. तयार पाणी चाखून बघा: डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून टाका.

पाजायचं ते दर जुलाबानंतर. दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिली. वाटी-चमच्यानं, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश. बहुतेक घरी गाडी इथेच अडते: तहानलेलं मूल पेला गटागटा पितं, ओकतं आणि 'याला पचत नाही' म्हणून पाजणं बंद होतं. चव बरी लागावी म्हणून साखर, कोकम सरबत, दूध काही घालू नका. केलेलं पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

फळांच्या चवीचे टेट्रापॅक याच्या जागी घेऊ नका. अशा बऱ्याच पेयांत साखर ओआरएसच्या कितीतरी पट आणि सोडियम कमी असतं. जादा साखर आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढवते. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला अन्न नियामकानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती योग्यच झाली. तरी घेताना मागची बाजू वाचाच. खऱ्या ओआरएसमध्ये १०० मिलीला ग्लुकोज १.३५ ग्रॅम असतं.

पाकिटासोबत झिंकच्या गोळ्या मागून घ्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर आईच्या दुधात विरघळवून. पूर्ण १४ दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या फळीवर पडून राहतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब पुन्हा होण्याची शक्यता ज्यानं कमी होते, तो फायदा मग हातचा जातो.

अंगावरचं दूध आणि खाणं तोडायचं नाही. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज यासाठी उत्तम. पाकीट हाती येईपर्यंत तीच सुरू करा. शहाळ्याचं पाणी तहानेला चांगलं, पण त्यात सोडियम थोडं, म्हणून ते ओआरएसची जागा घेत नाही.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, पिणंच जमेना किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि वाटेतही चमच्यानं पाजत राहा.

पाकिटं मे महिन्यातच आणून ठेवा; पावसात साकव पाण्याखाली गेल्यावर उपकेंद्र लांब पडतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि मोरीपासून दूर. फुटलेलं, पूड तपकिरी झालेलं किंवा तारीख उलटलेलं पाकीट टाकून द्या आणि आशाताईंकडून बदली मागा.