शहरात हायस्कूल निवडताना: मोठी शाळा की छोटी?

‘सर्वांगीण विकास’ आता प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात असतो, त्यामुळे निवड करताना त्यावरून काहीच कळत नाही. मी विचारेन ते एवढंच: माझ्या मुलाला नीट ओळखणारं एक तरी मोठं माणूस या शाळेत असेल का, आणि त्यासाठी त्या माणसाला वेळापत्रकात वेळ दिलेला आहे का?

दोन-अडीच हजार मुलांच्या शाळेत विषय भरपूर, प्रयोगशाळा सुसज्ज, नाटक, संगीत, मैदान, सगळं असतं. ज्याला आपली आवड सापडली आहे आणि जो स्वतःहून पुढे होऊन विचारतो, त्याचं इथे सोनं होतं. चिंता गप्प बसणाऱ्या मुलांची. सात विषयांचे सात शिक्षक, प्रत्येकाच्या हाताखाली शंभरावर मुलं. मूल हळूहळू खचत असेल तर प्रत्येकाला फक्त आपल्या विषयातली घसरण दिसते. समुपदेशक असतो, पण किती मुलांमागे एक? अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक असावा असं सांगते, आणि तिथल्याच बहुतेक राज्यांना ते जमत नाही.

छोट्या शाळेत हे काम मार्गदर्शक शिक्षकाकडे असतं. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात १९९६ साली सुरू झालेल्या ‘द मेट’ या शाळेत साधारण पंधरा मुलांचा गट चार वर्षं एकाच शिक्षकाबरोबर राहतो आणि आठवड्यातले दोन दिवस प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकतो. न्यूयॉर्कने २००२ नंतर गरीब वस्त्यांतल्या मोठ्या, डबघाईला आलेल्या शाळा बंद करून तिथे छोट्या शाळा काढल्या. मागणी जास्त असेल तिथे प्रवेश सोडतीने होत, त्यामुळे तुलना चोख करता आली: सोडतीत नंबर लागलेली मुलं न लागलेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात शालेय शिक्षण पूर्ण करत होती. माझा कल छोट्या शाळेकडे झुकतो तो यामुळे.

पण तिथे विषय मोजकेच. प्रगत गणित किंवा तिसरी भाषा हवी असेल तर कदाचित मिळणारच नाही. मित्रांशी बिनसलं तर दुसरा कंपू शोधायला जागा नाही. आणि मार्गदर्शक मध्येच नोकरी सोडून गेला, तर मुलाचा आधारच जातो. म्हणून शिक्षक तिथे किती वर्षं टिकतात हे आधी विचारा.

काही मोठ्या शाळा स्वतःला छोट्या विभागांत वाटून घेतात. विभागांचे शिक्षक खरोखर वेगळे असतील, तर माझ्या मते हा पर्याय सर्वांत चांगला. नुसती नावं आणि रंग वेगळे असतील तर सोडून द्या.

शाळा पाहायला जाल तेव्हा भरण्याची वेळही बघा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ सालीच सांगितलं आहे की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. मग मुख्याध्यापकांऐवजी एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा, परीक्षा जवळ आली की मार्गदर्शकाचा तास होतो, की गणिताला देऊन टाकतात?