फोंड्याचं समुपदेशन केंद्र: नऊ बुधवारांनंतर

गेल्या जूनमध्ये आमची मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. शेवटच्या हजेरीपटावर चार नावं होती. माझी बदली झाली, पगार चालू राहिला, तरी पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. नणंदेने ही जागा सुचवली. मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की आमच्याकडे गोव्यात लोक थेट बांबोळीच्या मनोरुग्णालयाचं नाव घेतात, म्हणून दोन महिने टाळलं. शेवटी एका बुधवारी वाळपईहून फोंड्याची बस पकडली.

पहिली भेट मला आवडली नाही. ८०० रुपये भरलेत तर समुपदेशक बाईंनी काहीतरी उपाय सांगावा, एवढीच माझी अपेक्षा. पन्नास मिनिटं संपत आली तेव्हा मीच विचारलं, मग आता मी काय करू? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमकां कितें दिसता?" कोकणीत 'दिसता' म्हणजे वाटतं. परतीच्या बसमध्ये मी चिडूनच बसले होते. उसगाव तिस्क गेल्यावर ध्यानात आलं, जूनपासून हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

बाई कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या व्यक्तिकेंद्री पद्धतीने काम करतात. समोरच्याला 'पेशंट' म्हणणं रॉजर्सने सोडलं. स्वतःचं दुखणं कुठे आहे हे ज्याचं त्यालाच जास्त कळतं, हा त्याचा पाया. १९५७ च्या लेखात त्याने माणूस बदलायला लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यातल्या तीन समुपदेशकाने पाळायच्या: विनाअट स्वीकार, त्या माणसाच्या जागी जाऊन समजून घेणं, आणि मुखवटा न घालता खरं वागणं. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते कसं असतं, ते मला तिसऱ्या बुधवारी कळलं.

शाळेच्या कपाटाची किल्ली अजून माझ्या पर्समध्येच आहे, असं मी बोलता बोलता सांगितलं. बाई म्हणाल्या, "राग येतो तुम्हाला." मी म्हटलं, राग नाही. लाज वाटते. मुलं टिकवता आली नाहीत याची. यावर दुसरं कोणी "छे छे, तुमचा काय दोष!" म्हणून मोकळं झालं असतं. त्या म्हणाल्या, "लाज. मला नीट कळलं नव्हतं." आणि थांबल्या. मग मी रडले, तेही कोकणीत. घरी आम्ही कोकणी बोलतो, लिहितो-वाचतो मराठीत. तिथे कुठल्याही भाषेत बोललं तरी चालतं, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट.

अट घालून केलेल्या मायेबद्दलही रॉजर्सने लिहिलंय. पहिला नंबर आला तर शाबासकी, नाही तर अबोला. अशी मुलं मोठेपणी स्वतःलाच त्या अटी घालतात. माझे वडील असेच होते, हे मी पन्नाशीत पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं.

रॉजर्सच्या लहानपणच्या तळघरातल्या बटाट्यांची एक आठवण आहे. अंधारात पडलेले, तरी त्यांचे फिकट कोंब दूरच्या खिडकीकडे वाढत जायचे. बाईंनी ती सांगितली तेव्हा मला आमच्या पोटमाळ्यावरचा सुरण आठवला. ना माती, ना पाणी, तरी पावसाच्या तोंडावर त्याला कोंब येतोच.

आता गैरसोयी. केंद्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाहेरच्या खुर्च्या दाराला इतक्या लागून आहेत की आतलं बोलणं पुसट ऐकू येतं. हे त्यांनी तातडीने सुधारायला हवं. मी सांगितल्यावर बाईंनी दाराबाहेर पंखा लावून घेतला. त्याने थोडा फरक पडला, पुरेसा नाही. शिवाय वेळा सकाळच्याच, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला रजा टाकावी लागते.

झोपेसाठी डॉक्टरांना दाखवून घ्या, हे त्यांनीच दुसऱ्या भेटीत सुचवलं. औषधाची गरज असेल तर ती इथे भागणार नाही, आणि तसं त्या लपवतही नाहीत.

आता तीनला जाग आठवड्यातून एखाद्या वेळी येते. पुढची भेट मी महिन्याने घेतली आहे. किल्ली अजून पर्समध्येच आहे, आणि ती परत करा असं बाईंनी एकदाही म्हटलेलं नाही.